पुली बरोबर होती

ही हकिगत सांगायची मी इतकी वर्षं टाळत आलो. कुणी विचारलं नाही असं नाही. विचारायचे. रत्नागिरीतल्या जुन्या माणसांत अजूनही बाईंचा विषय निघतो आणि निघाला की कुणीतरी म्हणतंच, "तुम्ही होतात ना हो त्या गाडीत? सांगा की!" मग मी चष्मा पुसतो, पाणी मागतो, नाहीतर उठून बाहेर जाऊन येतो. तेवढ्यात दुसरं कुणीतरी ती गोष्ट सांगून मोकळं होतं. गणिताच्या बाईंनी गणित करून गाडीला पुली बसवली आणि गाडीने भर घाटात पंखा फेकून दिला. लोक हसतात. मीही हसलेलो आहे.

मागच्या मे महिन्यात एका लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या एका तरुण इंजिनियरने ही गोष्ट मलाच ऐकवली. त्याने बाईंना बघितलंही नव्हतं. वर म्हणाला, "काका, पुस्तकातलं गणित वेगळं आणि मशीन वेगळं." पानातली जिलबी तशीच टाकून मी उठलो.

तेव्हा आता ऐका. बाईंची पुली बरोबर होती. गणित बरोबर होतं, माप बरोबर होतं, विचार बरोबर होता. ज्यांना पुढचं वाचायचा कंटाळा असेल त्यांनी एवढं घेऊन जावं आणि पुढच्या पंगतीत हेच सांगावं.

मी बाईंचा भाडेकरू. ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. मिरकरवाड्याच्या बंदरावर मच्छीमारांच्या लाँचींची इंजिनं दुरुस्त करणारा एक कारखाना होता, तिथे मी टर्नर होतो, म्हणजे लेथवर लोखंड कातणारा. बाईंचं घर मांडवीच्या अंगाला, समुद्र दिसेल इतका जवळ. मागच्या अंगणातली खोली त्यांनी मला दिली ती माझी परीक्षा घेऊन. विहिरीवरच्या रहाटाच्या चाकाचा परीघ मोजायला लावला. मी दोरी गुंडाळून मोजला. "व्यास घेऊन गुणला नाहीस, दोरी लावलीस. म्हणजे आळशी नाहीस," त्या म्हणाल्या आणि किल्ली दिली.

मुलींच्या शाळेत गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. कुणी कारण विचारलं तर म्हणायच्या, "भागाकार जमला नाही." माणसांना नावाने हाक मारायची त्यांना सवय नव्हती. धंद्याने मारायच्या. मी टर्नर. पोस्टमन टपाल. मुंबईची नोकरी संपवून शेजारच्या घरात येऊन राहिलेला त्यांचा सख्खा धाकटा भाऊ, त्याचं नाव पेन्शन. "पेन्शन उठला का रे?" असं त्या कुंपणावरून विचारायच्या आणि तो बिचारा "उठलो गं ताई" म्हणून ओ द्यायचा.

बाईंच्या गळ्यात काळा दोरा होता. त्या दोऱ्यात डोरलं नव्हतं, लोहचुंबकाचा तुकडा होता. स्टेनलेस स्टील म्हणून जे जे समोर येईल त्याला तो तुकडा लावून बघायचा हा त्यांचा नेम. चांगल्या स्टेनलेसला चुंबक चिकटत नाही, एवढ्या एका सत्यावर त्यांनी अर्ध्या गावाशी वैर घेतलं. बारशाला गेल्या की पाळण्याआधी आहेराच्या भांड्यांपाशी. पेला उचलला, चुंबक लावला, चिकटला, की मोठ्याने, "खोटं! कुणी दिलाय?" देणारी तिथेच बसलेली असायची. हळूहळू त्यांना बोलावणी कमी झाली. त्यांना त्याचं काही नव्हतं. "खोटं चिकटतं, टर्नर. खरं चिकटून बसत नाही," असं म्हणायच्या. माणसांबद्दलही हेच त्यांचं मत होतं.

गोखले नाक्याच्या पुढे एका चाचांचं हार्डवेअरचं दुकान होतं. चाचा म्हणजे जुना दर्यावर्दी माणूस. जहाजावर उमेदीची वर्षं घालवून मग दुकान टाकलेलं. बाई फाटकातून दिसल्या की चाचा ओरडायचे, "पोरांनो, खिळे आत घ्या, परीक्षा आली!"

"परीक्षेला काय घाबरता? अभ्यास करा," बाई म्हणायच्या.

"बाई, चिकटतं ते पण स्टील असतं कधी कधी. त्याची पण जात आहे."

"मग त्याला स्टेनलेस म्हणून विकू नका. जात लपवून स्थळ दाखवू नये."

ह्या बाबतीत खरं सांगायचं तर चाचा बरोबर होते. चिकटणारंही स्टेनलेस असतं. बाई ऐकायच्या नाहीत. त्या देवता नव्हत्या. हेकट होत्या, फटकळ होत्या, आणि चुंबकावर त्यांचा जरा जास्तच भरवसा होता.

आणि गाडी. वडिलांनी कुणा गोऱ्या साहेबाकडून घेतलेली, लढाईच्या आधीची, विलायती बनावटीची. लांब नाक, गोल डोळे, दारं उलटी उघडणारी. कंपनीचं नाव नाही सांगत, जाणकारांना इतक्यावरही कळेल. समुद्रकाठी अशी गाडी ठेवणं म्हणजे लोणच्याच्या बरणीत घड्याळ ठेवणं. खारा वारा पत्रा खातो, तारा खातो, आणि बोल्ट तर आवडीने खातो. बाई रोज सकाळी अंगणात उभ्या राहून वारा हुंगायच्या आणि "आज गंज जास्त आहे" असं आपण पाऊस म्हणतो तसं म्हणायच्या. मग खोबरेल तेलाच्या फडक्याने इंजिन पुसायचं. न्हाऊ घातलेल्या पोराच्या टाळूवर तेल घालावं तसं. खंडेनवमीला पेन्शन हळदकुंकू आणि नारळ घेऊन आला तर बाई बॉनेटवर हात पसरून उभ्या. "झेंडू घाल. हळद लावायची नाही. आणि नारळाचं पाणी पुलीवर पडलं तर तुझा हात जागेवर राहणार नाही."

"अगं, पूजा आहे!"

"मी रोज तेल लावते ती काय चेष्टा आहे?"

गाडी त्या स्वतः चालवायच्या. नऊवारी नाही, पाचवारीच, पदर खोचून. हॉर्न वाजवायच्या नाहीत. हॉर्न भित्र्यांसाठी असतो म्हणायच्या. कुणी आडवं आलं तर गाडी थांबवून खिडकीतून मान काढून त्याला शिकवायच्या. रस्त्यातून सायकल कशी न्यावी यावर भर बाजारात तास चालायचा, मागे टेम्पो खोळंबलेले. लोक हसायचे. बाई बघायच्याही नाहीत.

गाडीत एकच दोष होता. चढाला इंजिन उकळायचं. पालीपर्यंत ठीक, साखरप्यापुढे आंबा घाट लागला की पहिल्या वळणांतच रेडिएटरची किटली व्हायची. मग बाजूला घ्या, झाकणावर गोणपाट टाका, पाणी ओता. पेन्शनला तेवढंच निमित्त. त्याला अंगण मोकळं हवं होतं, मुलाला घर वाढवायचं होतं, आणि बहिणीची काळजीही होती, हे कबूल केलं पाहिजे. तो वाईट माणूस नव्हता. "ताई, वय झालं. तुझंही आणि हिचंही. कोल्हापूरचा एक शौकीन आहे, तो घेतो म्हणतोय."

एके दिवशी बाई त्याला म्हणाल्या, "ही गाडी न उकळता आंबा घाट चढली तर विकायचा विषय परत काढायचा नाही. मी मरेपर्यंत."

"आणि उकळली तर?"

"किल्ली तुझी."

मी विहिरीवर आंघोळ करत होतो. साबण डोळ्यात गेला.

इंजिनाची रचना सांगतो, अवघड नाही. इंजिनाच्या पुढच्या टोकाला एक मोठी पुली असते. तिच्यावरून पट्टा जातो, तो पाण्याच्या पंपाची पुली फिरवतो. त्याच पंपाच्या नाकावर पंखा. आता पंपाची पुली लहान केली की तेवढ्याच वेळात ती जास्त फिरणार. पाणीही जोरात, वाराही जोरात. चढावर इंजिन थंड. बाईंनी हे पडवीत खडूने मांडलं, पुसलं, परत मांडलं. किती लहान करायची याला मर्यादा असते. फार लहान केली तर पट्टा घसरतो, पंप पाणी ढवळत बसतो. त्यांना नेमकं माप हवं होतं आणि ते त्यांनी काढलं.

मग त्या मापाची पुली शोधायला आम्ही गावभर हिंडलो. पिठाच्या गिरण्या, भाताच्या गिरण्या, उसाचे चरक. बाई आत शिरायच्या, मालकाला न विचारता चालू नसलेल्या चाकांना दोरी गुंडाळायच्या. खालच्या आळीतल्या गिरणीवाल्याला वाटलं सरकारी तपासणी आली. त्याने घाईघाईने चहा मागवला.

"चहा नको. हे कोपऱ्यातलं चाक किती वर्षं पडलंय?"

"कोणतं? ते? ते आमच्या बापाच्या वेळचं, बाईसाहेब. रेकॉर्डवर दाखवलेलं नाय."

"दाखवू नका. मला द्या."

अशी मिळालेली बिडाची चाकं घरी आणून बाईंनी एकेक पडवीच्या उतारावरून घरंगळत सोडलं. सरळ गेलं तर तोल बरोबर. पहिलं चाक वाकडं जाऊन तुळशीवर आपटलं. "पुढारी," बाई म्हणाल्या आणि परत पाठवलं. दुसरंही पुढारी. तिसरं मात्र आखल्यासारखं फाटकापर्यंत गेलं आणि तिथे जाऊन शांतपणे आडवं झालं. बाईंनी टाळी वाजवली. ते चाक मी लेथवर लावून आतलं भोक पंपाच्या मापाचं केलं. पुलीचं काम मी मन लावून केलं, आणि ते चोख झालं. हे मी माझं कौतुक म्हणून सांगत नाही. पुलीत दोष नव्हता हे मला माहीत आहे, म्हणून सांगतो.

राहिले बोल्ट. पंखा आणि पुली पंपाला धरून ठेवणारे चार बोल्ट. जुने गंजून असे बसले होते की काढताना त्यातल्या दोन बोल्टांची डोकीच मोडली. बाई म्हणाल्या, "इथे स्टेनलेस हवं. दर्याला तोंड देणारं." पण गाडी जुनी, तिचे आटे जुन्या इंग्रजी मापाचे. बाजारात मिळणारा एकही बोल्ट त्यात जाईना. चाचा म्हणाले, "सळी देतो मुंबईहून मागवून. कातून घ्या."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "देतो करून. त्यात काय!"

त्यात काय होतं ते मला सळी आली त्या पहिल्याच दिवशी कळलं. साधं लोखंड आणि पितळ कातलेला माझा हात. स्टेनलेस कातताना ते तापतं, आणि कातता कातता आणखी कठीण होतं. माझं टूल लाल झालं. आटे पाडायला डाय लावली तर आटे फाटले, आणि शेवटी डायचेच दात गेले. डाय कारखान्याची. मालकाने जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर विचारलं, "टर्नर म्हणून घेतलाय की न्हावी म्हणून?" सगळे हसले. संध्याकाळी घरी गेलो तर बाई फाटकात. "झाले?" मी म्हटलं, "होतायत."

नाही जमत, एवढं मला म्हणता आलं नाही. हातात कला आहे असं ज्या बाईने अख्ख्या गावात मला एकट्याला म्हटलं होतं, तिला ते कसं सांगायचं? चाचांना सांगून बोल्ट मुंबईहून करून आणता आले असते. थोडे दिवस लागले असते, बाई थांबल्या असत्या. मी चाचांकडून पितळेची सळी घेतली.

पितळ लोण्यासारखं कातलं जातं. सुंदर बोल्ट झाले. पण पिवळे. मग मी कोकणातल्या कुठल्याही माणसाला सुचेल ते केलं. कल्हई लावली. बोल्ट चुलीत तापवले, नवसागर टाकला, कथलाचा तुकडा फिरवला, कापसाने पुसले. पातेल्याला लावतात तशी. पितळेचे बोल्ट चांदीसारखे निघाले. तापवल्यामुळे पितळ होतं त्याहून मऊ पडलं, हे मला कळत होतं. मी स्वतःची समजूत घातली की चारच तर बोल्ट आहेत, आणि घाट एकदाच चढायचा आहे.

पितळेलाही चुंबक चिकटत नाही. बाईंना ते माझ्याइतकंच माहीत होतं. पण पितळ पिवळं असतं. त्यांनी एकेक बोल्ट तळहातावर घेऊन चुंबक लावला. एकही चिकटला नाही. "टर्नर," त्या म्हणाल्या, "शंभरापैकी शंभर." आयुष्यात त्यांनी कुणाला शंभर दिले नव्हते, हे त्यांच्या विद्यार्थिनी तुम्हाला सांगतील.

घाटाला आम्ही सकाळी निघालो. बाई चालवायला, शेजारी पेन्शन मांडीवर चहाचा थर्मास घेऊन, मागे मी पाण्याच्या डब्यासह. हातखंबा, पाली, साखरपा. चढ सुरू झाला. पहिलं वळण, जिथे नेहमी वाफ यायची, तिथे तापमानाचा काटा जिथल्या तिथे. पेन्शनने वाकून काटा बघितला आणि परत सरळ बसला. आणखी वळणं गेली. खाली दरी, वर करवंदीच्या जाळ्या, आणि इंजिनाचा आवाज असा की ऐकत राहावं. अर्ध्याच्या वर आल्यावर बाई सतराचा पाढा म्हणायला लागल्या. मोठ्याने, तालात. आनंद झाला की त्या पाढे म्हणायच्या, सतराचा म्हणजे फारच आनंद.

माथा जवळ आला. पेन्शनच म्हणाला, "ताई, चढली की गं!" त्याच्या आवाजात खरंच कौतुक होतं. हरणाऱ्या माणसाचं कौतुक.

तेवढ्यात पुढे ठणकन आवाज झाला. मग पत्रा फाटल्यासारखा. पंखा सुटून रेडिएटरमध्ये घुसला होता. वाफेने काच पांढरी झाली. बाईंनी गाडी डोंगराच्या अंगाला अशी लावली की त्या वयाचा दुसरा कुणी असता तर आम्ही दरीत असतो. हेही कुणी सांगत नाही.

मी उडी मारून सगळ्यात आधी बॉनेटपाशी पोचलो. मी मदतीला धावलो असं दोघांना वाटलं. मी धावलो ते बोल्टांसाठी. दोन डोकी खालच्या पत्र्यावर पडली होती. तुटलेला भाग बघितला. पिवळाधमक. तापलेली ती डोकी मी खिशात घातली, भोकांत अडकलेले तुकडे पक्कडीने काढले, आणि रस्ता ओलांडून ते सगळं दरीत फेकून दिलं.

कोल्हापूरकडून येणारा एक ट्रक थांबला. ड्रायव्हर उतरून आला, वाफेत डोकं घालून बघितलं. "पंखा सुटला की वो ताई. बोल्ट कसलं घातलं हुतं?"

मला वाटलं आता संपलं. पण उत्तर बाईंनी दिलं. चेहऱ्यावर पाण्याचे थेंब, पदराने पुसत म्हणाल्या, "बोल्ट उत्तम होते. आमच्या टर्नरने केलेत, मी स्वतः तपासलेत. पुली माझी आहे. चूक पुलीची असणार."

"बोल्ट बघू तरी."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "कुठे आहेत रे?"

"दरीत गेले असतील, बाई," मी म्हटलं.

हे खरंच होतं. म्हणून मला ते इतकं सहज म्हणता आलं.

पेन्शनने थर्मासच्या झाकणात चहा ओतून बहिणीपुढे धरला. "ताई, राहू दे ती पैज. माथ्यापर्यंत आणलीस. ठेव गाडी."

"उकळली ना?"

"ती काय उकळणं म्हणायचं? मोडली."

"माझ्या पुलीने मोडली. ठरलं ते ठरलं," म्हणून त्यांनी किल्ली त्याच्या शर्टाच्या खिशात टाकली. तो परत द्यायला लागला तर त्याच्या हातावर चापट मारली.

बाईंच्या वर्गात एक शिस्त असायची. गणित चुकलं तर मुलीने उभं राहायचं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं, "माझं चुकलं," आणि कुठल्या पायरीवर चुकलं ते. छडी नाही, शिक्षा नाही. एवढंच. घाटातून परतल्यावर बाईंनी ती शिस्त स्वतःला लावली. ज्या ज्या गिरणीवाल्याला त्यांनी पुलीचं शास्त्र ऐकवलं होतं त्याच्या दारात जाऊन म्हणाल्या, "माझं चुकलं. पायरी अजून सापडलेली नाही." शाळेत जाऊन शिक्षकांच्या खोलीत म्हणाल्या. लोकांना आधी गंमत वाटली, मग सवय झाली, मग त्याची गोष्ट झाली. ज्यांच्या पेल्यांना चुंबक चिकटला होता त्यांनी ती गोष्ट खूप जपून वाढवली.

चाचांच्या दुकानात त्या गेल्या तेव्हा मी सोबत होतो. "चाचा, माझं चुकलं," बाई म्हणाल्या. चाचांनी बाईंना स्टूल दिलं, पाणी दिलं, आणि त्यांच्या डोक्यावरून माझ्याकडे बघितलं. पितळेची सळी त्यांनीच मला दिली होती. त्या बाहेर पडल्यावर चाचांनी मला हाताने थांबवलं.

"टर्नर, मी विकणारा माणूस. सांगणारा तू."

"सांगतो, चाचा."

"कधी?"

मी तारीख दिली नाही. चाचांनीही परत विचारलं नाही. पण नंतर माझ्याशी ते सुट्या पैशांपलीकडे कधी बोलले नाहीत.

गाडी त्या पावसाळ्याआधी कोल्हापूरला गेली. दुसऱ्या गाडीला दोरीने बांधून, मागच्या काचेला धूळ. बाई फाटकात उभ्या राहिल्या. रडल्या वगैरे नाहीत. म्हणाल्या, "तिकडे गंज कमी आहे. जगेल." अंगणात पेन्शनच्या मुलाने खोल्या बांधल्या. मी पुढल्या वर्षी लग्न करून शिरगावला राहायला गेलो. निघताना बाईंनी मला त्यांची चांगली पक्कड दिली. घेतली मी.

आता ज्यांना वाटतं की म्हाताऱ्या बाईची एक जुनी गाडी गेली, त्यात एवढं काय, त्यांना मी सांगतो काय गेलं. त्यानंतर बाईंनी कुणाला काही शिकवलं नाही. रस्त्यात सायकलवाला आडवा आला तर बाजूला व्हायच्या. दुकानात चुकीचा हिशेब झाला तर परत मोजायच्या, आपलंच तर चुकलं नाही ना म्हणून. गावाशी एकटीने भांडणारी बाई गावाच्या मताची झाली. माझ्या चार बोल्टांनी पंखा तुटला तो दिसला. बाकीचं तुटलेलं कुणाला दिसलं नाही, मी सोडून.

पुढे त्यांची भाची त्यांना केळशीला घेऊन गेली. दशक संपत आलं होतं. एकदा धीर करून मी एसटीने निघालो. वाटेत वाक्य तयार केलं, घासूनपुसून. केळशीला माडांच्या बागेतलं घर. बाई ओटीवर बसल्या होत्या, नजर गेल्यासारखीच. माझी चप्पल वाजली तशी मान वर केली.

"कोण?"

"मी आहे, बाई."

"टर्नर! ये, ये. बस इथे. मला एक पायरी सापडत नाहीये."

मी बसलो. बाईंनी डोळे मिटले आणि मागचं पुढचं काही न विचारता तोंडी गणित मांडायला लागल्या. इंजिनाची पुली, पंपाची पुली, चढावरचा वेग, पाण्याचा वेग. सगळं पाठ. एकेक पायरी म्हणून थांबायच्या. "इथवर बरोबर?" मी म्हणायचो, "बरोबर, बाई." पुढची पायरी. "बरोबर?" "बरोबर." भाचीने कोकमाचं सरबत आणून ठेवलं. बाई शेवटापर्यंत आल्या आणि दोन्ही हात मोकळे सोडले. "मग चुकलं कुठे? रोज करते मी हे. रोज बरोबर येतं. बरोबर येतं आणि पंखा तुटतो. डोकं फिरलंय का रे माझं?"

वाक्य माझ्या जिभेवर होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो,

"बाई, पंख्याला हवेचा विरोध धरलात का?"

त्यांनी परत डोळे मिटले. ओठ हलायला लागले. मग चेहरा असा उजळला की भाची आतून बघायला आली. "वेग वाढला की हवा जास्त अडवते! दुप्पट नाही, त्याच्याही वर जाते! मेल्या, इतकी वर्षं कुठे होतास तू?" त्या हसायला लागल्या. मग ओटीवर हात टेकून उठल्या, उभ्या राहिल्या, आणि समोरच्या माडांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माझं चुकलं. पायरी, हवेचा विरोध."

हवेचा जोर वाढला होता, ते खोटं नाही. पण पोलादाच्या, अगदी बऱ्या स्टेनलेसच्या बोल्टांनी तो हसत पेलला असता. ती खरी चूक नव्हती. ती मी त्यांच्या हातात दिलेली चूक होती, आणि त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

निघताना त्यांनी माझा हात धरला. "तुझे उपकार झाले, टर्नर. तुझ्या बोल्टांवर मी मनातल्या मनात एकदोनदा संशय घेतला होता हं. त्याची माफी मागते."

मी म्हटलं, "काहीतरीच काय, बाई."

भाची फाटकापर्यंत आली. "आत्या आज किती दिवसांनी हसली. परत या हं." मी हो म्हटलं. त्या वर्षीचा पाऊस संपायच्या आत बाई गेल्या.

ते वाक्य त्या दिवशी मी तसंच परत आणलं. दापोलीच्या स्टँडवर परतीच्या एसटीची वाट बघताना मी ते हळूच म्हणून बघितलं होतं. नीट म्हणता येत होतं. "बाई, बोल्ट पितळेचे होते, मला स्टेनलेस कातता आलं नाही, मला क्षमा करू नका, पण तुमचं गणित बरोबर आहे, ते तेवढं पुसू नका."